साहेब आले, बाबा उठले

जवसाचं तेल तापल्याचा वास आला की पिपरी मेघेच्या घरातले बाबांचे गुडघे आठवतात. फौजेत पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढता-उतरताना ते झिजले होते. अपंगत्वाची पेन्शन नाकारली म्हणून बाबांनी अपील केलं आणि पुन्हा तपासणी लागली. "साहेब आले तरी उठू नोका," मी बजावलं होतं. डॉक्टर आत आले आणि बाबा टाचा जुळवून ताठ उभे राहिले. गुडघा कडकन वाजलेला मला ऐकू आला, डॉक्टरांना नाही. त्यांनी लिहिलं, विनात्रास उभे राहतात. तेवढ्यावर अपील फेटाळलं. "काऊन उठले?" बाहेर येताच मी चिडून विचारलं होतं. "मंग का करू, साहेब आले ना." बाबा आता नाहीत. कोणताही साहेब येवो, मी खुर्चीतून उठत नाही.