पाखरांच्या वाट्याच्या ओंब्या

गव्हाला रोग पडावा म्हणून मी नोकरीभर वाट बघितली. हे सांगितलं की औरंगपुऱ्यातल्या आमच्या शेजारणी माझ्याकडे जरा विचित्रच बघायच्या. पण कामच तसं होतं. तांबेऱ्याला, म्हणजे पानांवर विटकरी भुकटी धरणाऱ्या बुरशीला, कोणता गहू दाद देत नाही ते शोधायचं, तर आधी तांबेरा यायला हवा. आमच्या गहू संशोधन केंद्राच्या शेतात तो कधी यायचा, कधी रुसायचा. पिशोरजवळच्या एका शेतात मात्र दरवर्षी न बोलावता हजर. म्हणून त्या शेताचा एक तुकडा आम्ही मागितला.

शेत एकट्या बाईचं होतं. नवरा गेलेला, लेकी आपापल्या घरी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली ती या गावात नांदायला आली, आणि तेव्हापासून तांबेऱ्यानं तिचा गहू कितीदा नेला ते तिनं मोजणंच सोडलं होतं.

"तुमचं रोगाचं पीक माझ्या रानात पेरता, मंग माझ्या गव्हाचं काय?" तिनं विचारलं.

आमचे साहेब गोड बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "मावशी, रोग तर येतोच आहे. त्यातून एखादा वाण वाचला तर पहिलं बी तुम्हाला."

तिनं मान हलवली आणि चहा टाकला. रोगाला आपल्या रानात जागा देणारी माणसं किती असतील? मला ही एकच भेटली.

त्या हंगामात ओळीमागून ओळ तांबेऱ्यानं करपली. शेतातून फिरून आलं की माझ्या साडीच्या निऱ्या वीटभट्टीवरून आल्यासारख्या दिसायच्या. त्या सगळ्यात एक ओळ हिरवीगार उभी होती, पानावर ठिपका नाही. तिचं बी आम्हीच केलेल्या संकराचं, मागच्या हंगामातल्या एकाच झाडाचं. होतं तेवढं सगळं तिथंच पेरलेलं, मागे चिमूटभरही उरलं नव्हतं. साहेबांची कित्येक वर्षांची मेहनत त्या एका ओळीत होती. तिच्याजवळ ते आम्हाला शिंकूसुद्धा देत नसत.

दाणा चिकात भरला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. जीप थांबते न थांबते तोच मावशीनं झाडाखाली बसवलं. गोवऱ्यांच्या आरावर ओंब्या भाजलेल्या, सुपात चोळून पाखडलेल्या, सोबत गुळाचा खडा. इतक्या गोड ओंब्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. साहेबांनी तर मागून मागून खाल्ल्या.

हात झटकता झटकता मी सहज विचारलं, "मावशी, तुमचा गहू तर सगळा गेला. मग या कुठल्या?"

"त्या तुमच्या हिरव्या वळीतल्या. रोगट गहू पाहुण्याला कसा घालू? पोटात जायचं की ते."

बुरशी धरलेल्या दाण्यात विष राहतं, ते भाजून जात नाही, जनावरालाही घालू नका, असं साहेबच गावोगाव सांगत फिरायचे. ते साठवणीत बुरसलेल्या दाण्याबद्दल होतं, तांबेऱ्याबद्दल नाही; पण मावशीनं ते मनावर घेतलं होतं.

आम्ही पळत गेलो. ओळ कापलेली. माझा स्वभाव मुळात तापट, तोंड उघडलंही होतं, पण तोंडात अजून त्याच ओंब्यांची चव. कुणावर ओरडणार? साहेब बांधावर मटकन बसले.

मग मला ओळीच्या टोकाला काही ओंब्या उभ्या दिसल्या. "या का सोडल्या?"

"त्या पाखरायच्या. सगळी वळ कापू नाय."

साहेब ताडकन उठले. जगात या वाणाचं एवढंच बी उरलंय, ते आम्हाला द्या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मावशीचा चेहरा पडला. आपल्या हातून काय झालं ते तिला तेव्हा कळलं. तरी ती म्हणाली, "नाय. पाखराला दिलेलं मी काढून कसं घेऊ?"

ती घरात गेली, सूपभर ज्वारी घेऊन आली आणि बांधावर पसरून दिली. "आता झाका," म्हणाली.

आम्ही त्या ओंब्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या. कापणी होईपर्यंत ती रोज सकाळी घरची ज्वारी बांधावर टाकत राहिली. त्या साली तिच्या घरात गव्हाचा दाणा आला नव्हता, जे काही होतं ते ज्वारीच. आम्ही शहरातून ज्वारी आणून देऊ म्हटलं, तर तिनं ऐकून घेतलं नाही.

त्या मूठभर दाण्यांचं बी वाढायला पुढे बरेच हंगाम गेले. पहिली पिशवी साहेबांनी स्वतः मावशीच्या दारात नेऊन ठेवली. त्या साली गावात तांबेरा नेहमीसारखाच आला आणि मावशीचं शेत मात्र हिरवं राहिलं. मी तेव्हा उस्मानपुऱ्यात राहायला आले होते. निरोप मिळाला तशी मिळेल ती एसटी धरून पिशोरला गेले. बांधावर उभं राहून ते शेत बघताना मला रडू आवरेना. माझ्या सगळ्या नोकरीला अर्थ आला तो या बाईमुळे, हे तिला सांगायचं होतं. शेवटी वाकून तिचे पाय धरले.

तिनं पाय मागे घेतले. "माझ्या कशाला पडतीस? पाखरायच्या पड."