चार वाक्यं, चार बोटं आणि पाखऱ्या

अकोल्याच्या बाजारात स्वतःच्या बैलाचा भाव स्वतःच दहा रुपयांनी उतरवणारा मी पहिला माणूस. तेही बैल विकायचा नसताना!

दोष माझा नाही, मेव्हण्याचा. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या वऱ्हाडात गोऱ्या व्यापाऱ्यांचे तंबू पडले. मी म्हटलं, दलालाच्या तोंडाने कशाला बोलायचं? हिमतीवर उभा राहिलेला माणूस मी! (माझ्याशी घासाघीस केलेला माणूस आमच्या गावात घरी जाऊन आधी आडवा होतो.) मेव्हणा मुंबईहून इंग्रजी शिकून आला होता. त्याला ओट्यावर बसवला.

"भाऊजी, वाक्य चार परकारचं असते," माझं एकेक बोट धरत तो म्हणाला. "हे सांगाचं, हे पुसाचं, हे हुकमाचं, आन हे नवलाचं."

"आन भांडाचं?"

"चारीनंबी भांडता येते. पुसाचं असं पुसा, का समोरच्याले उत्तरच सुचू नये. आन जोर पायजे असला, त एकच गोष्ट तीनदा म्हना."

महिनाभर घोकलं. वाक्यागणिक एक बोट ताठ! पुढे पुढे "भाजी वाढ" म्हटलं तरी हुकमाचं बोट आपोआप उठायचं.

मग कापूस घेऊन अकोल्याच्या बाजारात गेलो. तिथल्या एका गोऱ्या साहेबाला कापसाच्या गाड्यांसाठी बैल हवे होते आणि त्याची नजर माझ्या पाखऱ्यावर गेली. पाखऱ्या म्हणजे बायकोचा जीव. आई मेलेलं वासरू तिने बोळ्याने दूध पाजून वाढवलेलं. निघताना तिने बजावलं, "अजी, कापूस इका, नाई त सोताले इका. पन पाखऱ्या घरी आला पायजे!"

आमच्याकडे सौदा मुका असतो. रुमालाखाली दोघांचे हात. जितकी बोटं तितके दहा, आणि मूठ दाबली की पक्का. तोंडाने खुशाल पावसापाण्याचं बोला! साहेबाच्या दलालाने रुमाल पसरला. मला विकायचं नव्हतं, पण आपल्या बैलाला काय भाव येतो हे कळायला कोणाला आवडत नाही? घातला हात. दलालाने पाच बोटं धरली. पन्नास!

समोर साक्षात साहेब. मी छाती काढली.

"धिस इज माय बुलक!" (एक बोट.)

"आर यू मॅड?" (दुसरं. उत्तर नाही! मेव्हण्या, शाब्बास!)

"गो होम!" (तिसरं.)

"ओ, व्हॉट अ बुलक!" (चौथं.)

साहेबाचं तोंड उघडंच. मग जोरासाठी मूठ आवळून तीनदा: "नेव्हर! नेव्हर! नेव्हर!"

दलालाने रुमाल झटकला. "मुबारक हो भाऊ! चाळीसात पक्का!"

"काहून पक्का? मी नाई म्हनून राहिलो न!"

"तोंडानं नाई म्हनून राहिले. हातानं चार बोटं देली आन मूठ तीनदा दाबली! एवढी घाई आमी आजवर पाह्यली नाई, बाप्पा!"

मी त्याची गचांडी धरली. सारा बाजार गोळा केला. सारा बाजार म्हणाला, रुमालातला शब्द फिरत नाही.

"अजी, पाखऱ्या कुठी हाय?" बायकोने दारातच विचारलं. माझ्याकडे चार प्रकारची वाक्यं तयार होती. मी नुसते कनवटीचे चाळीस रुपये दाखवले.

दुसऱ्या दिवशी ती पुढे, मी मागे, असे तंबूवर गेलो. पाखऱ्या रातभर चाऱ्याला शिवला नव्हता आणि त्याने दोन नोकर लाथाडले होते. तिने लांबूनच हाक मारली, "पाखऱ्या!"

पाखऱ्या आला. खुंटा आला. तंबूचा दोर आला, आणि दोरामागून अर्धा तंबू!

चहाचा रिकामा पेला हातात धरून साहेब उघड्यावर बसला होता. "टेक इट अवे!" तो ओरडला. (हुकमाचं. मला लगेच कळलं.)

दलाल घाईघाईने रुमाल काढू लागला. माझा हात सवयीने पुढे झाला.

"अजी, हे दोर धरा," बायको म्हणाली. "दोनी हातानं!"

मग तिने माझ्या कनवटीचे चाळीस काढून दलालापुढे ठेवले. तो म्हणाला, "बाई, आता पन्नास पडतीन."

"मारू का अजून एक हाक?"

दलालाला उत्तर सुचलं नाही. त्याने चाळीस उचलले.

मेव्हणा म्हणतो, इंग्रजी सोडा. का म्हणून सोडू? माझं एक वाक्य चुकलेलं दाखवावं कोणी! आजही बाजारात मी गोऱ्यांशी इंग्रजीतच भांडतो. फक्त आधी दोन्ही हातांत दोर लागतो.