वहिनींनी पुसलेलं वाक्य

मंडळी, अजून हादरलेलोच आहे!

आपल्या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेची, स्क्रीनवर खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी उद्या स्टँडर्ड ठरवायची, म्हणून आज फ्लॉपी घेऊन कळव्याला दादाकडे गेलेलो. वहिनींना म्हटलं, वापरून बघा, कसं वाटलं ते खिडकीतच लिहा.

त्यांनी लिहिलं, "छान आहे हो, भाऊजी." मी खूश!

खिडकी बंद केली, तर मागे दुसरी. आपणच भांडून ठरवलेलं ना, फंक्शनल म्हणजे जुनं काही बदलायचं नाही? प्रत्येक बदलाला नवी खिडकी, जुनी मागे तशीच.

त्या जुन्या खिडकीत होतं, "इतकी बटणं कशाला? काहीच कळत नाहीये."

"अहो, ते मी पुसलेलं!" वहिनी ओशाळल्या.

अरे, आजवर आपल्याला ‘छान’ म्हणणाऱ्यांनी आधी काय काय पुसलं असेल रे?