चार किलोमीटर आधी वळलेली गाडी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची आहे, पण ती बायकोने टांगलेली आहे. गाडीचा हॉर्न आपोआप वाजतो, दिवे आपोआप लागतात अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येतं, तेव्हा त्याला भुताची शंका येते आणि मला अर्थिंगची. इतक्या वर्षांत दर वेळी अर्थिंगच निघालं. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाची दुरुस्ती करून टाकतो. आता माझाच एक लिहायला बसलोय... हसायचं तर खुशाल हसा.

माझं गाड्यांच्या म्युझिक सिस्टीम बसवायचं दुकान आहे, नगरमध्ये. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं. हे काम मी भानुदास मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. अकरा वर्षं त्यांच्याकडे काढली. नानांचे दोन नियम होते. पहिला, कंपनीची वायर कधी कापायची नाही – मधे जोडायचा प्लग मिळतो तो आणायचा, दोन दिवस लागले तरी चालतील. दुसरा नियम मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिलेला नाही. डॅशबोर्ड बंद करायच्या आधी नाना एका चिठ्ठीवर कुठल्या रंगाची वायर कशाला जोडली ते लिहायचे, खाली स्वतःचं नाव घालायचे आणि चिठ्ठी टेपमध्ये गुंडाळून आतच ठेवून द्यायचे. "पुढं जो उघडंल त्याला तरास नको," एवढंच म्हणायचे. आम्ही पोरं त्यावर हसायचो.

नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या गाडीचं काम माझ्याकडे होतं. प्लग यायला वेळ होता आणि मला घाई होती. मी वायर कापली आणि थेट जोडली. पंधरा दिवसांनी त्या गाडीच्या डॅशबोर्डमधून धूर निघाला. मालक दुकानात आला आणि भर रस्त्यावर नानांना वाटेल ते बोलला. नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, वायर कोणी कापली? मी खाली बघत उभा राहिलो. नाना थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग मालकाला म्हणाले, "म्याच कापली. नजर कमी झाली माझी."

नजर कमी झालेल्या मिस्त्रीकडे महागडी गाडी कोण देणार? वर्षभरात नानांनी दुकान बंद केलं आणि ते पाथर्डी तालुक्यात आपल्या गावी निघून गेले. त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. मी एकदाही त्यांना भेटायला गेलो नाही. दर दिवाळीला जायचं ठरवायचो आणि दर दिवाळीला काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर मी ते काम शोधून काढायचो.

मागच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सोमवारी सकाळी संगमनेरचे एक निवृत्त प्राध्यापक गाडी घेऊन आले. जुनी जर्मन सेदान, पंधरा-सोळा वर्षांची, पण ठेवली होती अगदी नव्यासारखी. नगरमधल्याच कोणाकडून त्यांनी नुकतीच घेतली होती. जुन्या सेटला नकाशाच नव्हता, त्यांना मोठ्या स्क्रीनचा नकाशावाला सेट हवा होता. सर गाडी सोडून शहरात कोणा नातेवाइकाकडे गेले, चारला येतो म्हणाले.

अशा गाडीचा डॅशबोर्ड उघडणं म्हणजे जोखमीचं काम. लाकडी पट्टीला चरा पडला की संपलं. प्लास्टिकच्या पात्याने कडेकडेने सोडवत मी जुना सेट बाहेर ओढला... आणि मागे वायरींच्या जुडग्यात काळ्या टेपची एक गुंडाळी दिसली. उघडायच्या आधीच मला कळलं. आत नानांची चिठ्ठी होती. कधीकाळी मागचा कॅमेरा त्यांनी बसवला असणार. तेच ठळक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'लाल – चालू करंट. तपकिरी – अर्थ. नारिंगी – काचेची वायर (फायबर), वाकवू नये.' आणि शेवटी, 'कापू नये. – भानुदास'.

मी चिठ्ठी समोर स्टुलावर ठेवली. मग काम केलं, आणि अगदी नाना करायचे तसं केलं. एकही वायर कापली नाही. त्या चिठ्ठीमुळे दिवसभराचं काम अडीच तासांत झालं. चिठ्ठी परत टेपमध्ये गुंडाळली. खाली आपलंही नाव लिहायचं असतं, पण हात धजला नाही. तशीच आत ठेवली.

सेट चालू केला. कोरा सेट, खोका मी स्वतः फोडलेला. सिमकार्ड नाही, कोणाचा मोबाईल जोडलेला नाही. कंपनीचं चित्र येऊन गेलं आणि थेट नकाशा उघडला, त्यावर एक निळी रेघ. रस्ता आधीच लावलेला! दुकानापासून पाथर्डीच्या दिशेने, करंजी घाटाच्या पलीकडे, सत्तेचाळीस किलोमीटर. शेवटी नुसती खूण, गावाचं नाव नाही.

मला वाटलं, कारखान्यात कोणीतरी चाचणी घेतली असेल. मी रस्ता पुसला, तो परत आला. मग सगळा सेट पुसून पहिल्यासारखा कोरा केला. भाषा विचारली, घड्याळ विचारलं, सगळं नव्याने भरलं... आणि परत तीच रेघ.

नकाशाचा सेट बसवला की गाडी उघड्यावर काढून एक चक्कर मारावीच लागते, त्याशिवाय उपग्रह नीट पकडतो की नाही ते कळत नाही. ही चक्कर भिंगारपर्यंत पुरते. मी भिंगारच्या पुढे गेलो. चाचणीच घेतोय, असं स्वतःला सांगत होतो. पण त्या बाजूला कोण राहतं हे मला दुकानातच कळलं होतं. त्यांच्याकडे कामाला होतो तेव्हा नानांच्या मुलीच्या लग्नाला मी त्या गावी जाऊन आलो होतो.

घाट ओलांडला. थोडं पुढे गेल्यावर सेटमधली बाई हिंदीत म्हणाली, उजवीकडे वळा. फाट्यावर लिंबाचं झाड, एक बंद टपरी आणि आत जाणारा अरुंद डांबरी रस्ता. स्क्रीनवर अंतर, चार किलोमीटर. मी गाडी झाडाखाली घेतली.

वीस-पंचवीस मिनिटं तिथे होतो. स्क्रीनवरचं घड्याळ मला आजही दिसतं, एक वाजून दहा मिनिटं. काय बोलायचं ते मनात जुळवून बघितलं. 'नाना, चुकलं माझं' याच्यापुढे काही सुचेना. मग एकेक कारण सुचायला लागलं. हातात साधा पेढ्याचा पुडा नाही. गाडी दुसऱ्याची. सर चारला येणार. पुढच्या रविवारी आपली गाडी घेऊन, बायकोला घेऊन, नीट येऊ... मी गाडी वळवली.

गाडी वळली आणि रेघ गेली. मी पुसली नव्हती. त्यानंतर तो सेट अगदी शहाण्यासारखा वागला. सरांना मी यातलं काही सांगितलं नाही.

रविवार यायच्या आधी, शुक्रवारी, नाना गेल्याचा फोन आला.

दहाव्याला गेलो. तोच फाटा, तेच लिंबाचं झाड, फक्त या वेळी उजवीकडे वळलो. सगळं आटोपल्यावर काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, मला ओट्यावर बोलावलं. नाना दोन महिने अंथरुणावर होते, हे मला तेव्हा कळलं. काकूंनी विचारलं, "संजू, सोमवारी तू हितं फाट्यावर आल्ता का रं?"

 मी मान हलवली.

"दुपारचं एकदम म्हनले, संज्या फाट्यावर आलाय, च्या ठिव. म्या म्हनलं, कुठला संज्या, सपान पडलं असंल. पर ऐकंनात. मग ठिवला च्या, दोन कप. उठून बसले भितीला टेकून. लई येळ दाराकडं बघत व्हते. मग म्हनले, ऱ्हाऊ दे, माघारी गेला त्यो."

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. त्या नुसतं विचारत होत्या, आल्ता तर पुढं का न्हाई आला?

तेव्हा मी सांगितलं. ती वायर मी कापली होती, नानांनी नाही.  काकू पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मला घरीबी तेच सांगितलं रं, डोळं गेलं म्हनून. मी आठ वरीस त्यांना सुईत दोरा ओवू दिला न्हाई."



आता तुम्ही कमेंटमध्ये लिहायच्या आधी मीच सांगतो. सेट मी नंतर सरांकडून गाडी मागवून तपासला. आत जुना रस्ता, पत्ता, काही साठवलेलं नव्हतं. डीलरला विचारलं, तो म्हणाला असं होत नाही. कोणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा. मला कारण सापडलेलं नाही आणि सापडेल असं वाटतही नाही. गाडी मात्र मीच वळवली होती. त्याचं कारण मला पक्कं माहीत आहे.

सेट तपासायच्या निमित्ताने डॅशबोर्ड पुन्हा उघडला, तेव्हा नानांची चिठ्ठी बाहेर काढली आणि त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. त्याखाली एक ओळ लिहिली – 'आठ वर्षांपूर्वीची वायर मी कापली होती, नानांनी नाही.' टेप गुंडाळली, सेट आत ढकलला, लाकडी पट्टी बसवली. पुढे कधीतरी कोणी मिस्त्री ती गाडी उघडेल, चिठ्ठी वाचेल आणि त्याला काही कळणार नाही. ज्यांना ते सांगायचं होतं, ते त्या दिवशी भिंतीला टेकून दाराकडे बघत बसले होते, माझ्यापासून चार किलोमीटरवर.