गाडी थंड होईपर्यंत

खानापूरच्या पुढे, जिथं जंगल सुरू होतं, तिथल्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा नवरा म्हणाला, "एखादी छोटी नवी गाडी घे की." त्यानं तो रस्ता बघितला नव्हता. मी बघितला होता. पावसाळ्यात बस फाट्यावरच थांबते. पुढं ओढे, लाल चिखल आणि एक चढ. त्या चढावर मुख्याध्यापकांची मोटारसायकल दरवर्षी आडवी होते आणि मुलं तेवढ्यापुरती खुश होतात. मी ठरवलं, घ्यायची तर फोर बाय फोर, चारी चाकं ओढणारी. नवी परवडणार नव्हती, म्हणून जुनी.

मग मी इंजिनाचा अभ्यास सुरू केला. शिक्षकाला अभ्यासाचं वेड असतंच. रोज जेवण झालं की मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि वहीशिवाय पाठ करायचे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाला दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय, मागं वळूनही न बघता घरी यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार पाहिजे. विकणारा आधीच ते तापवून ठेवतो, कारण तापलेलं इंजिन कसलंही असलं तरी शहाण्यासारखं सुरू होतं.

हा शेवटचा धडा मी बेळगावजवळच्या पिरनवाडीत शिकले. तिथल्या एका दलालाकडची गाडी आरशासारखी चकचकीत होती. इंजिनसुद्धा धुऊन पुसून, जणू साखरपुड्याला बसवलेलं. चावी फिरवली की लगेच सुरू. "मॅडम, लेडीजनी वापरलेली गाडी हाय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता गेले, तर दोघं जण तीच गाडी ढकलत होते आणि मागून निळ्या धुराचा लोट. त्यांनी मला बघितलं नाही असं दाखवलं. मीही तसंच केलं.

त्यानंतर निपाणीजवळच्या एका गावातली गाडी कळली. मालक जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. सोबत म्हणून मी माझ्या भावाला, अण्णाला, घेतलं. अण्णा शेती करतो. त्याला ट्रॅक्टर आणि बुलेट सोडून काही चालवता येत नाही, पण बाईमाणूस एकटं गाडी बघायला गेलं की लोक सीटकव्हरचा रंग दाखवतात. अण्णाच्या मिशा सोबत असल्या की बॉनेट उघडतात.

आम्ही सकाळीच पोचलो. अंगणात लिंबाखाली पांढरी गाडी उभी. मी कुणाला नमस्कार करायच्या आत सरळ जाऊन बॉनेटवर तळहात टेकला, आणि हात झटकून ओरडले. तवा नुसता!

डॉक्टर पायरीवर उभे राहून बघत होते. "ताप बघताय व्हय?" ते म्हणाले. "आमी म्हशीचा कान धरून बघतो."

"इंजिन गरम आहे," मी म्हणाले. आवाज वर्गात निघतो तसा निघाला.

"असंल की. हिला देवळात नेऊन आत्ताच आलो."

मी अण्णाकडे बघितलं. अण्णानं मिशीवरून हात फिरवला. मग डॉक्टरांना मी स्पष्टच सांगितलं की गार इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय मी गाडी घेणार नाही. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं टीचर. मग गार हुईस्तवर बसा. काय घाई हाय?"

मे महिना होता. मे महिन्यात निपाणीत काहीच गार होत नाही.

चहा झाला. पोहे झाले. मी दर थोड्या वेळानं उठून बॉनेटला हात लावून यायची. डॉक्टरांची बायको मूळची धारवाडकडची. ती आत, घरी आलेल्या आपल्या चुलतीशी कानडीत म्हणाली, "ही बाई गाडी घ्यायला आलीय का सोयरीक बघायला?" मला कानडी येतं हे तिला माहीत नव्हतं. मीही कानडीतच उत्तर दिलं, "आक्का, मुलाचं शिक्षण बघायला आलेय." ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. तिथून पुढं मी स्वयंपाकघरातच. भाकरी आणि भरल्या वांग्यांची एण्णेगाई असं जेवण झालं. अण्णा ओसरीवरच्या बाजेवर घोरायला लागला. माझा मिशावाला साक्षीदार निकामी झाला.

दुपारी डॉक्टरांनी मला गाडीचे दोष सांगितले. मी विचारलंही नव्हतं. "मागली उजवी काच खाली गेली की वर येत न्हाय. एसी आपण मनात आणला तरच चालतो. टपावर माकडानं उडी मारल्याचा खड्डा हाय. इंजिन मात्र कधी उघडलेलं न्हाय. वेळच्या वेळी ऑइल बदललंय."

"मग का विकताय?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "डोळ्यात काचबिंदू. कडेचं दिसत न्हाय म्हणतात. लेक पुण्यास्नं रोज फोन करतोय, गाडी विका म्हणून. आज देवळात नेली ती पण चोरून. लेकाला सांगू नका." आतून आक्का ओरडली, "मी सांगणार हाय!"

ऊन कलल्यावर बॉनेट एकदाचं कोमट झालं. आणखी थोडा वेळ थांबायचं, एवढ्यात एक शेतकरी मोटारसायकल उडवत अंगणात शिरला. त्याची म्हैस विताना अडली होती. सरकारी डॉक्टर दूरच्या गावी गेलेले.

डॉक्टर बॅग घेऊनच बाहेर आले आणि चावी माझ्या हातात ठेवली. "तुमी चालवा. गाडी बघायचीच हाय न्हवं?"

मी म्हणणार होते, अजून गार झालेली नाही. पण म्हैस गाडी गार होईपर्यंत थांबणार नव्हती. अण्णाला हलवून उठवलं, मागं बसवलं, आणि निघालो.

नदीकडच्या वाटेवर उसाला सोडलेलं पाटाचं पाणी फुटलं होतं. काळ्या रानाची वाट, नुसता लोण्यासारखा चिखल. मी हिमतीनं ॲक्सिलेटर दाबला आणि गाडी जागच्या जागी रुतून बसली. चाकं नुसती चिखल उडवत होती. अण्णा मागून म्हणाला, "बैलं आणू काय गं?"

"दाबू नका," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "न्यूट्रल. ती बारकी दांडी, फोर बाय फोरची, वढा मागं. अजून. हां. आता पहिला टाका आणि क्लच सोडा. ॲक्सिलेटरवरचा पाय काढून मांडी घालून बसला तरी चालंल."

मी सोडला. इंजिनाचा आवाज खोल गेला, गाडी एकदा हिसका देऊन दबली, आणि मग सावकाश, गाभण जनावर चालतं तशी, त्या चिखलातून वर आली. मी काहीच करत नव्हते. चारी चाकं आपापलं काम करत होती. अण्णानं मागं एका दमात जोतिबा, यल्लम्मा आणि गावच्या म्हसोबाचं नाव घेतलं.

गोठ्यात पुढचं सगळं गडबडीत झालं. रेडकाचा पाय आत दुमडला होता. डॉक्टर उघड्या अंगानं गुडघ्यावर बसले, खांद्यापर्यंत हात आत. डोळ्यांचा तिथं काही संबंधच नव्हता. ते तर मिटलेलेच होते. "आता वढा!" म्हटल्यावर तो शेतकरी आणि माझा भाऊ दोरी धरून मागं रेलले. रेडकू आलं ते एकदम, आणि अण्णा शेणात पाठीवर पडला, रेडकू त्याच्या पोटावर. म्हशीनं मान वळवून आधी रेडकाला चाटलं आणि मग, बहुतेक चुकून, अण्णालाही. मी टाळ्या वाजवल्या. मला रडूही येत होतं.

हात धुऊन परत निघताना डॉक्टर गाडीपाशी थांबले. "टीचर, ही सुरूच हाय की!"

खरंच होती. घाईत मी बंदच केली नव्हती. इतका वेळ ती उन्हात, चिखलातून आल्यावर, एकटी धडधडत उभी होती. मी घाबरून काट्याकडे बघितलं. तापमानाचा काटा मधोमध, हलला नव्हता. धूर नाही. खाली ऑइलचा थेंब नाही. इंजिन पारखायला आलेल्या बाईनं इंजिन बंद करायचं विसरावं, याची डॉक्टरांना इतकी गंमत वाटली की घरापर्यंत ते तीच गोष्ट परत परत सांगत राहिले.

आता गाडी परत तापली होती. आक्का म्हणाली, "राहा आजची रात." मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, गाडी अजून गार झालेली नाही, उद्या येते. तो म्हणाला, "तू नक्की गाडीच बघतेयस ना?"

सकाळी गार इंजिनाचा कार्यक्रम झाला. तो शेतकरी खरवसाला चीक घेऊन आला होता, तोही थांबला. आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. मी चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबले, आणि मग पुढं फिरवली. एकदा खाकरल्यासारखं झालं आणि इंजिन लागलं. पांढुरका धूर आला आणि लगेच विरला. मी वळून डॉक्टरांकडे बघितलं, तर ते लिंबाकडे तोंड करून उभे होते. आक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या क्षणी गाडी घेतली, पण मला काही कमावल्यासारखं वाटलं नाही. कुणाच्या दावणीचं जनावर सोडून नेतोय असं वाटलं.

तवंदी घाट संपल्यावर अण्णानं मागली उजवी काच खाली केली आणि ती वर आलीच नाही. बेळगावपर्यंत तो धुळीपायी तोंडाला टॉवेल गुंडाळून बसला.

गाडी चांगली निघाली. पहिल्या पावसाळ्यात क्लच गेला, एकदा बॅटरी गेली, पण इंजिनानं मला कधी ओढ्यात सोडलं नाही. डॉक्टर रविवारी फोन करतात. आधी गाडीची चौकशी, मग माझी. श्रावणात आक्कासकट येऊन गेले. खानापूरच्या रस्त्यावर पुढं बसून ते सारखं "तिसरा टाका, तिसरा," म्हणत होते, आणि आक्का मागून कानडीत म्हणत होती, त्यांच्याकडं लक्ष देऊ नको.

अण्णानं आता गाडी शिकायला घेतली आहे. मागच्या रविवारी त्यानं ती सरळ वैरणीच्या गंजीत घातली. बाहेर येऊन कपडे झटकत तो मला म्हणाला, "ब्रेक लई खाली हाय गं हिचा." ब्रेक जिथं असतो तिथंच होता. आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत गंजी परत रचली.