वरच्या काकांचा मोरीशोध

जगात कुठलीही गोष्ट उगाच घडत नाही, असं मानणारी माणसं पुष्कळ असतील. पण ते सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याच्या मोरीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ते म्हणजे आमचे वरचे काका. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि ते आमच्या बरोबर डोक्यावर, म्हणून ते वरचे काका. नात्याने आमचे कुणी नाहीत. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन वसईत स्थिरावलेले. त्यांच्याबद्दल लिहायचं मनात खूप दिवस होतं, पण मला ते नीट मांडता येईल की नाही याची अजूनही खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहून झाल्यावर कुणाला दाखवावं असंही घरात कुणी नाही. एक काका आहेत, पण हे त्यांच्याबद्दलचंच, त्यांना कसं दाखवणार?

काकांना कारण लागतं. दूध नासलं की ते विचारतात, "कारण?" जिन्यातला दिवा गेला, "कारण?" एकदा समोरच्या विंगमधले आजोबा वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. त्यांच्या मुलाने सांगितलं, वय झालं होतं. काकांनी हळहळून मान हलवली आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "ते ठीक आहे, पण कारण?" काकूंनी त्यांना सदऱ्याला धरून बाहेर आणलं. बारावीच्या चाचणीत मला गणितात कमी गुण पडले, तेव्हा घरात सगळे गप्प होते. काका मात्र खाली आले, माझ्या अभ्यासाच्या जागी बसले, डोळे बारीक करून वर पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुझी चूक नाही. ट्यूब फडफडते." त्यांनी स्वतः ट्यूब बदलली. पुढच्या चाचणीत गुण तेवढेच पडले, पण ते लख्ख उजेडात पडले, याचं मला बरं वाटलं. काकू म्हणायच्या, "देवाने ह्यांना नाक दिलंय ते दुसऱ्याच्या घरात खुपसायला." काका शांतपणे म्हणत, "नाक आहे म्हणून तर तुझी आमटी लागायच्या आधी गॅस बंद होतो."

गेल्या वर्षी आमची मोरी तुंबायला लागली. साफ करणारा माणूस यायचा, मागच्या गल्लीत चेंबरचं झाकण उघडून सळी मारायचा, पाणी गडगडत निघून जायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा मोरीच्या जाळीतून ते वर यायचं. अख्ख्या इमारतीची खरकटी आमच्या दारात गोळा व्हायची. इतरांसाठी हा त्रास होता. काकांसाठी ते निमंत्रण होतं.

एका सकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी मोरीत तोंड धूत होते. एकदम गडगड आवाज झाला आणि जाळीतून लाल पाणी वर आलं. गडद, दाट, लालभडक. आई इतक्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं. माझ्या हातातला तांब्या पडला. मला खरंच वाटलं की वर कुणाचं तरी काहीतरी झालं. तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं आली आणि काका दारात उभे. हातात रिकामी बाटली, चेहऱ्यावर आनंद.

"आलं? लाल आलं?"

"काका, अहो रक्त..." आईने जाळीकडे बोट दाखवलं.

"रक्त कसलं, वहिनी! आगळ आहे, कोकमाचं. आमच्या सिंकमध्ये ओतलं. वासावरून कळलं नाही तुम्हाला?" मग वाकून त्यांनी ते पाणी बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे आमचं पाणी तुमच्याकडे परत येतंय. गोची तुमच्या पुढे आहे."

"गोची पुढे आहे, आणि वर्षाचं आगळ गटारात आहे!" जिन्यातून काकूंचा आवाज आला.

इथवर मला सगळं गमतीचं वाटत होतं. पुढे काकांनी चेंबरमधला गाळ एका जुन्या ताटात काढला, उन्हात धरला, हुंगला. मला शेजारी उभं केलं होतं. "तेल," ते म्हणाले. "भात. आणि जिऱ्याची फोडणी." आमच्या इमारतीत रोज ढीगभर फोडणी एकाच घरात होते. माझी आई डबे करते. बाबा टेम्पो चालवतात. सकाळी कामणच्या गोदामांकडे जाताना तिथल्या कामगारांचे डबे घेऊन जातात. माझं कॉलेज त्या डब्यांवर चालतं.

काकांनी ते कुणाजवळ खाजगीत सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं. सेक्रेटरी लगेच म्हणाले, "मग घरगुती धंदा बंद करायला लागेल, ताई. सगळ्यांचा प्रश्न आहे." बाबा खाली बघत राहिले. आई काकांकडे बघत होती. "काका, आत्ता आमच्याकडे चहा पिऊन आलात ना तुम्ही?"

"चहाचा काय संबंध, वहिनी?" काका मनापासून गोंधळले. "कारण ते कारण." मग तेच सेक्रेटरींना म्हणाले, "पण अजून सिद्ध झालेलं नाही. आठवडाभर डबे बंद ठेवू देत. मोरी तुंबली नाही, तर खरं. तुंबली, तर माझं खोटं."

तो आठवडा फार वाईट गेला. मोठी पातेली पालथी पडून होती. आई दुपारी नुसती बसून राहायची, आणि आईला बसलेलं बघायची आम्हाला सवय नाही. आम्ही मूगडाळीची खिचडी खात होतो, फोडणीशिवाय. घरात कुणी वरच्या काकांचं नाव काढत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी दाराकडे बघायचेच.

आठवडा संपायच्या आत मोरी तुंबली. काका खाली आले, चपला बाहेर काढून त्या पाण्यात अनवाणी उभे राहिले. वाकून त्यांनी ते पाणी हुंगलं. मग म्हणाले, "वहिनी, यात फोडणी नाही." आई म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

दुसऱ्या दिवशी काकांनी हट्टाने मागची गल्ली खणायला लावली. चेंबरच्या अलीकडे पाइपचा सांधा दिसला. साफ करणाऱ्याने त्यात हात घातला, काहीतरी पकडलं आणि ओढलं. ते येतच राहिलं. तपकिरी, केसाळ, ओलं, माझ्या वेणीपेक्षा जाड. त्यात भाताची शितं आणि तेलाचे गोळे अडकलेले. सगळे मागे सरकले. काकू किंचाळल्या, "अगंबाई, जिवंत आहे की काय!" ते मूळ होतं. भिंतीलगतच्या सोनचाफ्याचं.

"सांधाच फोडलाय मुळांनी," सेक्रेटरी म्हणाले. "बिल्डरचं काम. सिमेंट भरलंच नसेल नीट." सगळ्यांनी माना हलवल्या. बिल्डर कधीच निघून गेला होता. दोष त्याच्या अंगावर टाकायला सोपा होता. मीही मान हलवली.

काका चेंबरच्या कडेला बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "बिल्डरने भरलं होतं," ते म्हणाले. "मी काढलं."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. वसईत राहायला आले त्या वर्षी चाफ्याचं रोप त्यांनीच वटारच्या एका वाडीतून आणून लावलं होतं. त्या उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं आणि ते विकतचं पाणी झाडाला घालायला त्यांचा जीव होईना. सिंकचं पाणी तर फुकटच जातंय, म्हणून त्यांनी सांध्यातलं थोडं सिमेंट खरवडलं आणि वर वीट ठेवून माती लोटली. थोडं पाणी झिरपेल, झाड जगेल. झाड जगलं. पाण्याच्या मागे मागे पाइपात शिरलं. आणि काका ते साफ विसरून गेले होते.

मला धक्का मुळांचा बसला नव्हता, तो आता बसला. काका गप्प राहिले असते तर कुणालाही कधी कळलं नसतं. काका उठले, आईसमोर आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, कारण मी आहे."

चाफा काढावा लागला. नवा सांधा बसला. डबे सुरू झाले त्या दिवशी आईने मला वर पाठवलं, "काकांना जेवायला बोलव." ते नको नको म्हणत होते, काकूंनीच त्यांना ढकलून पाठवलं. ते ताटावर बसले, खाली मान घालून जेवले. एरवी त्यांनी पहिल्या घासालाच काहीतरी विचारलं असतं. आई समोर उभी होती. शेवटी तिनेच विचारलं, "आमटी ठीक आहे ना हो?"

"उत्तम आहे," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात येऊन आईने आमटी चाखली आणि माझा हात धरला. "अगं, मीठच घालायला विसरले मी," ती कुजबुजली. मी दारातून पाहिलं. काकांनी वाटी पुढे केली होती आणि बाबांकडे अजून थोडी आमटी मागत होते.