रविवारचा वैमानिक

सकाळी पावणेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. "बेन, शेखरभाई ऊठता नथी…" तो माणूस एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. कंपनीची बस मकरपुऱ्याला कारखान्याच्या फाटकाशी पोचली होती, सगळे उतरले होते आणि माझा धाकटा भाऊ तेवढा उठत नव्हता, खिडकीला डोकं टेकून बसला होता. रोजच डुलकी काढायचा, म्हणून वाटेत कुणी हलवलं नाही. त्याच्या बायकोचा, वैशालीचा, फोन लागत नव्हता, म्हणून मला केला. बावन्न वर्षांचा होता शेखर. आज पाच आठवडे झाले.

आमचे पूर्वज बडोदा संस्थानाच्या फौजेत होते, पुढचे सगळे कचेऱ्यांमधून खुर्चीवर बसलेले. आकाशात गेला तो एकटा शेखर. बडोद्यातच विमान चालवायला शिकला आणि पंचविशीत एका विमान कंपनीत सहवैमानिक झाला. माझा भाऊ पायलट आहे, हे मी तेव्हा भाजीवालीलासुद्धा सांगायची. चार वर्षांनी तो राजीनामा देऊन परत आला आणि मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम धरलं. "आता उडेन ते हौस म्हणून," म्हणाला. मला संताप आवरेना. आईच्या देखत मी त्याला विचारलं, "घाबरलास ना?"

"तसं समज, ताई."

मी खरंच तसं समजले. पुढची दोनेक वर्षं त्याच्याशी कामापुरतंच बोलले. आता ती दोन वर्षं मोजावीशी वाटत नाहीत…

खरं कारण त्याने पुष्कळ नंतर सांगितलं. डभोईला एका लग्नाला गेलो होतो, परतताना गाडी तो चालवत होता, मी शेजारी. "त्या दिवसातलं चौथं उड्डाण होतं," तो म्हणाला. "उतरायला आलो, खाली शहर दिसत होतं, आणि ते कुठलं ते मला आठवेना. हात आपोआप चालले होते. विमान नीट उतरलं, कुणाला काही कळलं नाही. भीती नाही वाटली, ताई. काहीच वाटलं नाही. मग हॉटेलच्या खोलीत बसल्यावर त्याचीच भीती वाटली." मी त्याच्याकडे बघू शकले नाही. बाहेर कापसाची शेतं मागे जात होती, त्यांच्याकडे बघत राहिले.

नोकरी सोडल्यावर दर रविवारी सकाळी तो फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं छोटं विमान घेऊन वर जायचा. एकदा मलाही नेलं. जमिनीवर मोजकं बोलणारा माझा भाऊ वर गेल्यावर अखंड बडबडत होता. विश्वामित्री नदीची वळणं दाखवली, गोरव्यातलं त्याचं घर दाखवलं. "बघ, वैशालीने चादरी वाळत घातल्यात!" असं ओरडला. इतक्या उंचावरून चादरी कुठल्या दिसायला, पण त्याला दिसल्या. त्याने निवड बरोबर केली, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

मग सहा वर्षांपूर्वी वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरवलं. मधुमेह आणि त्यातच हृदयाचा काहीतरी दोष. म्हणजे नोकरी त्याने सोडली होती, हौस त्याच्याकडून काढून घेतली गेली. तो तक्रार करणाऱ्यांतला नव्हता. रविवारी सकाळी स्कूटर धुवायचा. कधीकधी दोनदा धुवायचा.

आणि यंदा त्याच्या मुलीने, मुक्ताने, बारावी झाल्यावर वैमानिक व्हायचं ठरवलं. तिने सरळ विचारलं, "बाबा, नोकरी म्हणून उडू, की दुसरं काही शिकून हौस म्हणून?" हा म्हणाला, "मला विचारू नकोस." पोरगी दुखावली. बाबांना माझ्यावर भरवसाच नाही, असं तिने धरून ठेवलं आणि बापलेकीत अबोला झाला.

त्यानंतर काही दिवसांनी तो माझ्याकडे आला होता. चहा निवला तरी कप हातातच. "काय सांगू तिला? मला दर सोमवारी वाटायचं, चुकलो. रविवारी वाटायचं नाही. आता सगळे सोमवारच झालेत."

"हेच सांग तिला."

"सांगतो," म्हणाला. सांगितलं नाही. आठच दिवस उरले होते, हे त्याला किंवा मला कुठे ठाऊक होतं?

तेराव्यानंतर मी मुक्ताला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बाबांचं चुकलं की नाही, आत्या?"

"मला नाही माहीत गं."

"मी नोकरीच करणार. पण माझंही त्यांच्यासारखं झालं तर?"

"तर परत ये. मी कारण विचारणार नाही."

तेव्हा ती रडली, बाप गेल्यानंतर पहिल्यांदा. गेल्या आठवड्यात ती प्रशिक्षणाला गेली. वैशालीने डबा भरून दिला, पण निरोप द्यायला स्टेशनवर काही आली नाही.

आता रविवारी सकाळी मी गोरव्याला जाते. गच्चीवर बांबूला एक नारिंगी कापडी नळी बांधलेली आहे. वारा कुठला ते कळावं म्हणून विमानतळावर असते तशी, शेखरने वैशालीच्या जुन्या ओढणीची शिवलेली. परवा मी कपडे वाळत घालायला वर गेले होते, तेवढ्यात खालून वैशालीने हाक मारली, "अहो, वारा कुठला आहे?"

मग तिच्याच लक्षात आलं असावं. 'अहो' ती फक्त शेखरला म्हणायची, गच्चीवर असला की वारा त्यालाच विचारायची.

मी वर पाहिलं. ओढणी भरून फुगली होती. "पश्चिमेचा आहे गं," मी म्हटलं. "चांगला आहे."